बापाचं तोंड भिंतीकडं

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कल्याणप्पा हत्तरगे मास्तर शाळेच्या ओसरीवर उकिडवे बसून चौथ्या खांबापुढं खडूनं गोल काढत होते. तीन काढून झाले होते, एक राहिला होता. खडूला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक डाव्या अंगठ्याखाली दाबलेलं. गणिताच्या मास्तरानं वाकडा गोल काढलेला पोरांनी बघू नये, एवढ्यासाठी ही खटपट.

ओसरी झाडणारा शाळेचा शिपाई हरिबा मागं उभा राहून बघत होता.

"मास्तर, खांबास्नी हळदकुकू तेवढं ऱ्हायलं," तो म्हणाला.

"नारळ आण मग."

"नारळ आणंन. फोडायचा कुणाच्या नावानं?"

"आज जळकोटचे येणार हायत. त्यांच्या नावानं."

महिना अमरदाद, फसली सन १३५६. पलीकडं बार्शीला इंग्रजांचा अंमल होता. तिथल्या कॅलेंडरात हाच १९४७ चा जून होता. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, माणसांच्या तोंडात धाराशिव. शाळा सरकारी, दहावीपर्यंतची. अशा शाळेला निजामी राज्यात फौकानिया म्हणत. शिकवणं सगळं उर्दूतून. आसपासच्या खेड्यांतली पोरं मधल्या शाळेतून सातवी करून इथं आठवीला येत, आणि आल्याबरोबर त्यांना आपला ऐच्छिक विषय सांगावा लागे: वरच्या गणितासकट सायन्स, फारसी की संस्कृत. या एका शब्दावर मॅट्रिकनंतरची काही दारं उघडत आणि काही कायमची बंद होत. ही गोष्ट पोराला माहीत नसे आणि बहुतेक बापांनाही नसे. ती माहीत करून देण्यासाठी कल्याणप्पा मास्तर गेली सहा वर्षं शाळा उघडण्याच्या पंधरवड्यात रोज सकाळी ओसरीवर बसत होते. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

सातच्या सुमारास जळकोटचे धोंडप्पा आले. रात्री मठात मुक्काम केला होता. डोक्याला पटका, हातात काठी आणि मागं तेरा वर्षांचा मुलगा बंडप्पा.

"शरणार्थी, मास्तर," त्यांनी लिंगायती नमस्कार घातला. "पोरगं आणलंय. फारसी लिवा."

"शरणार्थी. बसा. तिकडं तोंड करून."

"तिकडं? तिकडं भिंत हाय."

"व्हय, भिंतच हाय."

"म्या काय गुन्हा केलाय?"

हरिबानं सतरंजी भिंतीशी सरकवली. "बसा, पाटील. हितं समदे बाप असेच बसत्यात. मागल्या साली तहसीलदारसाब बसले व्हते."

"तहसीलदार बसला?"

"त्यांचा मेहुणा."

धोंडप्पा बसले. भिंत नाकापासून हातभर लांब होती. बसल्यावर नियम सांगण्यात आले. पोरगं बोलत असताना बापानं वळायचं नाही, खाकरायचं नाही, काठी आपटायची नाही. वळला तर त्या दिवशीचं काम तिथंच थांबेल. दुसऱ्या दिवशी परत यायचं. शेवटी बापाला एक प्रश्न विचारता येईल. तोही भिंतीकडं बघूनच.

मग मास्तरांनी बंडप्पाला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, पाचव्या खांबापाशी नेऊन गोलात उभं केलं.

"किती वर्सांचा हायेस?"

"तेरा."

"बाहेर तेरा. या गोलात तू तीस वर्सांचा हायेस. आता सांग, तू काय करतोस आन कुठं करतोस?"

पोरानं सवयीनं बापाकडं पाहिलं. बापाची पाठ दिसली आणि पटक्याचा शेमला दिसला. पाठीवरून काही कळेना. मास्तर वाट बघत उभे होते. त्यांना घाई नसे. एकदा एका पोरानं या खांबापाशी शाळेची घंटा होईपर्यंत वेळ घेतला होता.

"कचेरीत..." बंडप्पा म्हणाला आणि थांबला.

"पुढं?"

"कचेरीत न्हाय. जनावरांचा डाक्टर."

भिंतीजवळची पाठ हलली, पण वळली नाही.

इथून उलटं चालायचं असे. चौथ्या खांबापाशी प्रश्न असा, की हे काम मिळण्याआधी तू कुठं शिकत होतास? तिसरा खांब मॅट्रिकचा. दुसरा खांब ऐच्छिक विषयाचा. पहिल्या खांबापाशी एवढंच विचारत, की आज तुझं काय कच्चं आहे? त्यानंतर पायरी, आणि पायरीखाली रस्ता. ज्या खांबापाशी पोराला उत्तर येत नसे तिथं मास्तर माहिती पुरवत: कुठलं कॉलेज, कुठली परीक्षा, तिथं कुठल्या विषयाशिवाय आत घेत नाहीत. निवड मात्र पोरानं करायची.

बंडप्पा चौथ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला. सायन्स म्हणाला. पहिल्या खांबापाशी म्हणाला, उर्दू वाचता येतं, लिहिता येत नाही. नववीतला जळकोटचाच एक मुलगा त्याला रोज संध्याकाळी घेऊन बसेल असं तिथल्या तिथं ठरलं.

"इच्यारा आता, धोंडप्पा. एकच."

धोंडप्पांनी भिंतीला विचारलं, "गावातल्या समद्या पोरांनी आजवर फारसी घेतली. ती काय खुळी व्हती?"

बंडप्पा बापाच्या पाठीकडं बघून म्हणाला, "अप्पा, आपली म्हस घटसर्पानं गेली तवा गावात सात फारसीवाले व्हते. एकानंबी हात लावला न्हाय."

हरिबाला हसू आवरेना, म्हणून तो झाडू घेऊन पायरीखाली गेला. धोंडप्पा उठले, पटका सारखा केला आणि मास्तरांना म्हणाले, "म्हशीचं नाव काढलं. आता काय बोलायचं."

जळकोटचा विषय फारसी, हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावातला एक मुलगा फारसी घेऊन मॅट्रिक झाला आणि तुळजापूरच्या तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून लागला. गावच्या यात्रेत तो कोट घालून फिरला. त्या कोटानं जळकोटचा विषय ठरवला. पुढच्या वर्षी तीन पोरांनी फारसी घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी पाचांनी. तहसील एकच होती, आणि तिच्यातली खुर्ची त्या पहिल्यानं धरलेली. बाकीचे फारसी शिकून औतामागं गेले. परंड्याचं तसंच संस्कृतच्या बाबतीत झालं होतं. ज्या गावाचा पहिला मुलगा ज्या विषयानं तरला, तो त्या गावाचा विषय. कुलदैवत बदलत नाही, तसा तोही बदलत नसे.

कल्याणप्पांचा स्वतःचा विषयही असाच ठरला होता. ते अणदूरचे. घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. वडील महांतप्पा यांचं किराण्याचं दुकान. लहानपणी अणदूरजवळ ओढ्यावर मोरी बांधायला एक ओव्हरसियर आला होता. कमानीचे दगड एकमेकांना कसे धरून राहतात हे त्यानं या पोराला वाळूत रेघा मारून दाखवलं. तेव्हापासून पोराच्या मनात ओव्हरसियर व्हायचं होतं. याच शाळेत, याच ओसरीवर त्यांना आणलं गेलं. कारकुनानं विषय विचारला. कल्याणप्पांनी बापाकडं पाहिलं, बापानं कारकुनाकडं पाहिलं, आणि कारकुनानं फारसी लिहिलं. मॅट्रिकनंतर सायन्सवाचून पुढची वाट मिळाली नाही. शिक्षकीचं ट्रेनिंग करून ते मास्तर झाले. गणित त्यांनी स्वतःच पुस्तकं आणून वाढवलं, आणि आठवी-नववीला तेच शिकवू लागले.

ही हकीकत ते दुःख म्हणून सांगत नसत. वाटेत खड्डा कुठं आहे ते सांगावं, तशी सांगत. त्या दिवशी आपण बापाकडं पाहिलं नसतं तर काय उत्तर दिलं असतं, एवढा एकच प्रश्न त्यांच्याकडं उरला होता, आणि त्यातूनच ही भिंत निघाली.

सहा वर्षांत या खांबांवरून गेलेली पोरं आता कुठं कुठं होती, ते त्यांना तोंडपाठ होतं. परंड्याचा एक हैदराबादला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. एक ओव्हरसियर झाला होता. सुटीत भेटायला आला तेव्हा मास्तरांनी त्याला कमानीचा प्रश्न घातला आणि तो बरोबर सुटला. एका पोरानं पाचव्या खांबापाशी "बापाच्या दुकानात" असं सांगितलं होतं. लोक हसले. मास्तरांनी त्यालाही तेवढ्याच गांभीर्यानं उलटं चालवलं, आणि तो आता तुळजापुरात दुकानातच होता. त्याचं नाव घेताना मास्तरांचा आवाज डॉक्टरच्या नावाइतकाच चढा असे. तो स्वतः म्हणाला म्हणून दुकानात आहे, असं ते सांगत.

त्याच बुधवारी साडेदहाला मुख्याध्यापकांनी, म्हणजे सदरसाहेबांनी, मास्तरांना आत बोलावलं. आत फारसीचे शिक्षक मौलवी मोहियोद्दीन बसले होते. मौलवी मूळचे नळदुर्गचे, मराठी आपल्यासारखीच बोलणारे. वीस वर्षं या शाळेत होते.

"मास्तरसाब, मी तक्रार करत नाही," मौलवी म्हणाले. "मी विचारतो. एके काळी माझ्या जमातीत, फारसीच्या वर्गात, पोरांना बसायला जागा नव्हती. यंदा आठ आहेत, तीही याच गावातली, तुमच्या ओसरीवर न आलेली. पुढच्या साली सहाच्या खाली गेली तर विषय बंद, आणि माझी बदली कुठं होईल ते अल्लाला ठाऊक. तुमच्या ओसरीवरनं फारसीकडं वाट जाते, का तुम्ही ती बुजवली?"

"वाट हाय, मौलवीसाब. त्या वाटेनं जातो म्हणणारा अजून भेटला न्हाय."

"भेटला नाही, का भेटू दिला नाही?"

सदरसाहेबांनी टेबलावरचा रूळ सरळ केला.

"गावात असं बोलतात, की हिसाबाचे मास्तर आपल्या विषयाला गिऱ्हाईक गोळा करतात. मला ते पटत नाही. पण मला पटून भागत नाही. तुमचा मुलगा शरणबसप्पा यंदा आठवीत येतो ना?"

"येतो."

"त्याला उद्या खांबांवर उभा करा. विचारतील मौलवीसाहेब. तुम्ही भिंतीकडं. तुमची मान वळली, तुम्ही खाकरलात, एक शब्द तोंडातून गेला, तर ओसरी बंद. मग पूर्वीसारखं कारकून विचारील आणि लिहील. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. त्यांना काही अवघड वाटलं नाही. शरणबसप्पाला त्यांनी दोन वर्षं भूमिती शिकवली होती. सोलापूरहून त्याच्यासाठी कंपासपेटी मागवली होती. पोरगं सायन्स घेणार, मग इंजिनिअरीकडं जाणार. उद्या ते सगळ्यांदेखत सांगेल, ओसरीही वाचेल आणि गावाचं तोंडही बंद होईल.

संध्याकाळी दिवेलागणीला ते जेवायला बसले. त्यांच्या बायकोनं, मल्लम्मांनी, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. शरणबसप्पा गोठ्यात होता.

"पोराला इच्यारलं का?" मल्लम्मा म्हणाल्या.

"इच्यारायचं न्हाय. उद्या मौलवीसाब इच्यारतील."

"उद्याचं न्हाय म्हणत मी. आजवर इच्यारलं का? सहा वर्सं गावच्या पोरांस्नी इच्यारताव. घरच्याला?"

"घरच्याला काय इच्यारायचं? त्याचं ठरलेलं हाय."

"कुणी ठरवलं?"

मल्लम्मा चुलीकडं वळल्या आणि दुसरी भाकरी थापू लागल्या. फळीवर कंपासपेटी होती. तिच्यावर धूळ नव्हती, पण ती उघडलेली शेवटी कधी पाहिली, हे मास्तरांना आठवेना. पोराला हाक मारून आत्ता विचारावं असं त्यांच्या मनात आलं. विचारलं असतं तर पोरानं त्यांच्या तोंडाकडं पाहून उत्तर दिलं असतं. त्यांनी हाक मारली नाही. भाकरी संपवून हात धुतले.

गुरुवारी ओसरीवर माणूस मावेना. जळकोटचे धोंडप्पा गावाकडं जाणार होते, ते मुद्दाम राहिले. "माझी पाठ समद्यांनी बघितली. आता म्या मास्तरांची बघतो," असं ते येईल त्याला सांगत होते. सदरसाहेब कचेरीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

कल्याणप्पा सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून बसले. आणि त्यांना समोर एक डाग दिसला. बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, चुन्यावर, ताटाएवढा तेलकट डाग. आधी त्यांना कळेना. मग कळलं. पोरगं मागं बोलत असताना बाप पुढं झुकत होते आणि पटका, टोपी, कपाळ, जे असेल ते भिंतीला टेकवत होते. सहा वर्षं मास्तर याच ओसरीवर होते, पण त्यांचं तोंड सदा पोराकडं असे. डागाच्या जागी कायम कुणाची तरी पाठ असे.

मागं मौलवींचा आवाज आला. "शरणबसप्पा, बेटा, या गोलात उभा राहा. आता तू तीस वर्षांचा आहेस. काय करतोस, कुठं करतोस?"

उत्तर लगेच आलं. "वकिली करतो. ऱ्हायला अणदूरला. कोर्ट तुळजापूरला."

समोर डाग होता. मास्तरांनी डागाकडं पाहिलं.

"पुढं ये. त्याच्या आधी कुठं होतास?"

"हैदराबादला. वकिलीच्या परीक्षेला."

"त्याच्या आधी?"

"मॅट्रिक."

पावलं दुसऱ्या खांबापाशी थांबल्याचं ऐकू आलं.

"विषय?"

"फारसी."

ओसरी हसली. कुणीतरी म्हणालं, "घ्या. मास्तरांचंबी जळकोट झालं." धोंडप्पांचा आवाज त्यावर आला, "जळकोटाला नावं ठेवू नगा. आमचं पोरगं कालच सायन्सला गेलंय."

मौलवींनी हसणं थांबू दिलं. मग त्यांचा आवाज आला तो कालच्यापेक्षा कोरडा होता.

"थांब. माझी जमात रिकामी आहे, हे तुला ठाऊक आहे. मी विचारतोय म्हणून माझ्या तोंडाकडं बघून बोललास का?"

"न्हाय, मौलवीसाब."

"मग वकिलाला फारसी कशाला? कायद्याची किताबं उर्दूत आहेत. कोर्ट उर्दूत चालतं."

"कोर्ट उर्दूत चालतं. जमिनीची सनद फारसीत असते."

"कुणाची सनद?"

"आमच्या मठाच्या जमिनीची. आज्याकडं हाय. दोन वर्सांमागं आज्या ती वाचून घ्यायला तुळजापूरला गेला, म्या संगं व्हतो. तिथं वाचणारे दोघं म्हातारे. एकाला अक्षर लागतं, पण अर्थ येत न्हाय. दुसऱ्याला अर्थ येतो, पण डोळ्यानं दिसत न्हाय. हा वाचून दाखवतो, तो अर्थ सांगतो. दोघं मिळून एक माणूस. त्या दिवशी त्यांचं भांडण झालं व्हतं. आम्ही सांजेपर्यंत बसलो, मग त्यांची समजूत घालून दोघांस्नी एका जागी आणलं."

पुन्हा हसू आलं, पण हे वेगळं होतं. तुळजापूरच्या त्या जोडीशी काम पडलेले तीन-चार जण तिथंच बसलेले होते.

मास्तरांना ती सनद ठाऊक होती. वडिलांनी, महांतप्पांनी, ती आधी त्यांनाच दाखवली होती, घरात फारसी मॅट्रिक मुलगा म्हणून. सनद शिकस्ता लिपीत होती. घाईघाईत, मोडून लिहिलेली अक्षरं. शाळेत शिकलेल्या स्वच्छ फारसीचा तिथं काही उपयोग होईना. त्यांनी कागद उलटसुलट करून परत दिला होता आणि तुळजापूरला जा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या लेखी ती गोष्ट तिथं संपली होती.

"असे कागद घरोघर हायत," शरणबसप्पा पुढं बोलत होता. "देवळात, मठात, दर्ग्यात, पाटलांच्या पेटीत. मी तीस वर्सांचा होईस्तोवर ते दोघं ऱ्हाणार न्हाईत. मग कोण वाचणार?"

मौलवींचा आवाज जरा खाली आला. "दिवस कसे आहेत बघतोस ना? उद्या काय राहील, काय जाईल, कुणाला ठाऊक. कोर्टच मराठीत गेलं तर?"

इंग्रज निघाले होते; निजामाचं राज्य राहणार का जाणार, हा प्रश्न त्या जूनमध्ये सगळ्यांच्या मनात होता आणि चारचौघांत कुणी काढत नव्हतं.

"कोर्ट कुठल्याबी भाषेत जाऊ द्या," पोरगं म्हणालं. "जमीन जागेवरच ऱ्हाणार. आन तिचा जुना कागद हाय त्याच अक्षरात ऱ्हाणार. उलट तवा तर तो वाचणारा आणखी लागंल."

कल्याणप्पांचं कपाळ भिंतीला टेकलं. ते कधी टेकलं ते त्यांना कळलं नाही. चुना गार होता.

"पहिल्या खांबापाशी ये," मौलवी म्हणाले. "आज काय कच्चं आहे?"

"शिकस्ता. अजिबात लागत न्हाय."

"ते शाळेत शिकवत नाहीत." मौलवी म्हणाले. "माझ्याकडं आहेत जुने कागद. असरच्या नमाजानंतर घरी येत जा. चार वर्षं लागतील."

"येतो."

"मास्तरसाब, आता तुमचा एक सवाल."

सगळी ओसरी त्या पाठीकडं बघू लागली. तोंडाशी आलेला प्रश्न एकच होता: आणि गणित? दोन वर्षांची भूमिती, सोलापूरची पेटी, ओढ्यावरची कमान, सगळं त्या एका शब्दात होतं. नियमानं तो प्रश्न विचारायला बंदी नव्हती. पण आवाजातून इच्छा कळली असती, आणि पोरगं अजून पायरीवर पोचलं नव्हतं. मास्तरांनी तो गिळला.

"तिसऱ्या खांबापाशी नापास झालास तर?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"तर तिसऱ्यापास्नंच परत," शरणबसप्पा म्हणाला. "पायरीवर जाणार न्हाय."

पोरगं पायरी उतरल्याचं ऐकू आलं. मग सदरसाहेबांची खुर्ची मागं सरकली.

"वळा आता, मास्तर. ओसरी चालू राहील. आणि ते कचेरीतलं कालचं बोलणं माझ्याकडून मागं घेतो."

मास्तर वळले. कपाळावर चुन्याचा पांढरा ठिपका होता. कुणी तो सांगितला नाही, फक्त धोंडप्पांनी काठीनं आपल्या पटक्याकडं खूण केली.

"काय दिसलं मास्तर भिंतीवर? आमाला तर कायबी दिसलं न्हवतं."

"तुमचाच पटका दिसला," मास्तर म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं.

हरिबा पुढं आला. "रविवारी चुना भिजवणारच हाय, मास्तर. तेवढा डाग झाकून टाकतो."

"खांबांना दे चुना. भिंत तशीच असू दे."

माणसं पांगली. मौलवी मोहियोद्दीन पाचव्या खांबाला टेकून उभे होते. वीस वर्षांत त्यांच्याकडं शंभरांवर पोरं आली असतील. फारसी का घेतली असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, वडील म्हणाले. "कारण सांगणारा हा पहिला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं आज मी खूश होऊन घरी जाईन, तुम्ही हरलात म्हणून. तुम्ही तर काही हरलेलेच दिसत नाही."

"मौलवीसाब, मला फारसीची एकच वाट ठाऊक व्हती. कचेरीची. ती भरलीय, म्हणून म्या पोरांस्नी तसं सांगत आलो. ही दुसरी वाट मला ठाऊकच न्हवती. चौथ्या खांबापाशी मी ती सांगणार तरी कशी?"

"मग?"

"उद्यापास्नं तुम्हीबी बसा. फारसीचं तुम्ही सांगा, बाकीचं म्या सांगतो. पोरगं ठरवील."

मौलवींनी खाली खडूच्या गोलाकडं पाहिलं. "मला गोल काढता येत नाही."

"सुतळी हाय."

दुपारी मास्तर घरी आले तेव्हा मल्लम्मा दारातच उभ्या होत्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती, पण त्यांनी विचारलं.

"काय झालं?"

"फारसी."

"मग? ठरलं व्हतं म्हणत व्हता."

"ठरलेलंच व्हतं," मास्तर म्हणाले.

"कुणी ठरवलं?"

"त्यानं." हा एक शब्द त्यांनी जरा मोठ्यानं उच्चारला, शेजारच्या उमाबाईंच्या ओट्यापर्यंत जाईल इतका. मग आत जाऊन त्यांनी फळीवरची कंपासपेटी काढली, उघडून पाहिली, आतली टोकं धड आहेत याची खात्री केली आणि ती पिशवीत टाकली. बंडप्पाला सायन्सला लागणार होती. शरणबसप्पाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, द्या की. मला बोरू लागंल.

संध्याकाळी असरनंतर शरणबसप्पा मौलवींच्या घरी गेला आणि दिवे लागल्यावर परत आला. पहिल्या दिवशी दोन अक्षरं लागली होती. ती त्यानं अंगणात राखेवर काढून दाखवली. मास्तरांनी ती बघितली आणि कंदील जरा जवळ धरला. त्यांना ती ओळखता आली नाहीत.

उद्या शुक्रवार. शुक्रवारी शाळेला सुटी असते. ओसरीवर मात्र सतरंजी सातला पडेल आणि अकराला उचलली जाईल, कारण मौलवीसाहेबांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं असतं. पहिला नंबर परंड्याच्या लिंबाजींचा आहे. त्यांनी संस्कृत लिहा म्हणून आधीच निरोप पाठवला आहे.